बांधावरचे दोन खांब

मांजराच्या घशातली नळी कधी काढायची, हे कांचनला घड्याळ सांगत नसे. मांजराचा कान सांगे.

ऑपरेशन झालं, भुलीचा वायू बंद केला, की ती डाव्या करंगळीने मांजराच्या कानातल्या केसांना हलकेच हात लावी. एकदा, दोनदा, दहादा. कान ढिम्म. मग एका स्पर्शाला कान फडकन हले आणि त्याच क्षणी ती नळीभोवतीच्या फुग्यातली हवा काढून नळी बाहेर ओढी. कुत्र्याचं तसं नसतं, कुत्रं गिळायला लागेपर्यंत थांबायचं. मांजर गिळेपर्यंत थांबलात तर संपलंच म्हणा. त्याचा कंठ भारी हळवा. आत दोन पातळ पडदे असतात, आणि जागं होता होता नळी त्यांना घासली की ते घट्ट मिटतात. मग छाती कितीही धडपडली तरी हवा आत जात नाही. कानाची फडफड आणि पहिला घोट यांच्यामधला तो क्षण कांचनला अचूक सापडायचा. नळीला हात घालण्याआधी ती मनात देवाचं नाव घेई, एवढंच. बाकी सगळं बोटांचं काम.

नवरा गेल्यावर अकरा वर्षं तिने शहरातल्या दवाखान्यात हेच केलं. मग खोऱ्यात बिबट्यांचं केंद्र निघालं आणि तिला बोलावणं आलं. ते तिचं माहेरचं खोरं.

"बिबट्या म्हणजे मोठं मांजरच, कांचनताई," डॉ. इनामदार पहिल्याच दिवशी म्हणाले. "फरक एवढाच, की मांजराच्या वेळी चुकलात तर मांजर जातं. इथे चुकलात तर कोण जाईल, सांगता येत नाही."

म्हणून बिबट्याला आधी पिंजऱ्यात निजवत. डोकं गजांजवळ, नळीला लांब दोरी बांधलेली. कांचन बाहेर बसून छोट्या खिडकीतून कानाला हात लावी आणि वेळ आली की दोरी ओढी.

केंद्राचं काम होतं बिबट्यांना कंठी घालण्याचं.

कंठी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. कंठाच्या पडद्यांना मेंदूचा निरोप नेणारी जी नस असते, तिच्याशेजारी ते बसवायचं आणि गावाच्या शिवेवर एक खांब उभा करायचा. बिबट्या खांबाच्या टप्प्यात आला की दाणा नसेला चिमटी काढतो, पडदे थोडे मिटतात आणि श्वास अपुरा पडतो. जखम नाही, रक्त नाही. जनावर भांबावून मागे फिरतं आणि वीस पावलांवर त्याला श्वास मोकळा मिळतो. आठवडाभरात ते शिकतं, की गावाकडे हवा नाही, रानाकडे आहे.

पहिली दोन वर्षं खोऱ्यात एकही पोर दगावलं नाही. लोक हसून म्हणत, वाघाने माळ घातली, आता मटण बंद. यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. कंठी हेच रूढ झालं.

शास्त्रज्ञांनी एक खांब आणि एक बिबट्या धरून गणित मांडलं होतं. खोऱ्यात मात्र माणसं राहत होती. शेजारच्या वस्तीला खांब आला, मग आम्हाला का नाही? सरपंचाच्या मळ्यात आला, मग माझ्या गोठ्यापाशी का नाही? चौथ्या वर्षी खांब सहाशेवर गेले आणि टप्प्यावर टप्पे चढले. जोर तीनच्या वर न्यायचा नाही असा नियम होता, पण खांबाचं कुलूप बाजारात तोडून मिळे, मग तो नऊपर्यंत जाई. नऊवर पडदे जवळजवळ बंदच होतात. एका गावात तरण्या पोरांनी एका मादीला दोन खांबांमध्ये धरलं, जोर कमीजास्त करून तिला अर्धा तास तडफडवलं, हसत हसत चित्रण केलं आणि मग तिला जिवंत जाळलं. कांचनने ते चित्रण पाहिलं होतं.

तिच्या माहेरी, डोंगरवडीला, तर खांबात भावकी शिरली.

तिचा धाकटा भाऊ नवनाथ आणि चुलतभाऊ महेंद्र यांच्यात बांधाचा वाद होता. मधली चाळीस पावलांची पट्टी कोर्टात अडकलेली, त्यामुळे तिच्यातला ऊस दोन वर्षं कुणी तोडला नव्हता. माजलेल्या त्या उसात एक मादी राहायला आली. नवनाथने खांब घराजवळ न उभारता बांधावर नेऊन रोवला, महेंद्राकडे तोंड करून.

"जाऊ दे की वाघ त्याच्याकडं," तो बहिणीला फोनवर म्हणाला होता. "त्याला लई हौस आहे जमिनीची. घे म्हणावं, वाघासकट घे."

"नवनाथ, असं बोलू नये रे."

"तू गप गं ताई. तुला भावकी म्हाईत न्हाई का?"

महेंद्राने महिन्याभरात समोरच्या बाजूला आपला खांब रोवला. इकडचा चारवर गेला, तर तिकडचा पाचवर. इकडचा सातवर, तर तिकडचा नऊवर. बांधाच्या टोकाला म्हसोबाचा शेंदरी दगड होता. तो मात्र दोन्ही घरांचा. नवनाथची बायको रोहिणी रोज दिवेलागणीला तिथे दिवा लावी, भावकीत बोलणं तुटलं तरी तिने त्यात खंड पडू दिला नाही. कांचनला ती म्हणायची, "वन्सं, माणसं भांडली म्हणून देवाला अंधारात ठेवायचं का?"

त्या सोमवारी दिवा लावायला ती वाकली आणि उसातून मादी आली.

बिबट्या गळा धरतो. फाडत नाही, धरून ठेवतो, श्वास थांबेपर्यंत. रोहिणी सापडली तेव्हा काड्यांची पेटी तिच्या मुठीत होती आणि मानेवर चार भोकं, बाकी अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मादी लांब गेलीच नव्हती. तीही दगडापाशी जीभ बाहेर टाकून पडली होती. लोकांनी तिला काठ्यांनी मारायला सुरुवात केली, इतक्यात केंद्राची गाडी पोचली.

माणूस मारलेल्या बिबट्याची कंठी काढायची आणि त्याला जन्मभर कोंडून ठेवायचं, असा नियम. मंगळवारी दुपारी मादी टेबलावर होती. तीन बरगड्या मोडलेल्या, एक डोळा फुटलेला. अजून तिसराही झाला नव्हता, सुतक होतं, पण नळीचं काम करणारं केंद्रात दुसरं कुणी नव्हतं. कांचन आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, हात मात्र स्थिर होते.

डॉक्टरांनी दाणा काढला आणि वाचकयंत्रावर ठेवला. कंठीत सगळं नोंदलेलं असतं: कोणता खांब, किती जोर, किती वेळ. त्यांनी यंत्रावरच्या नोंदी एकदा वाचल्या, पुन्हा वाचल्या.

"कांचनताई, गट नंबर एकशे चौदा कुणाचा?"

"माझ्या भावाचा."

"आणि एकशे पंधरा?"

"चुलतभावाचा. का हो?"

"दोन्ही खांब नऊवर होते. सहाला सात मिनिटं कमी असताना दोन्ही चालू केलेले दिसतात. ही मध्ये. इकडे पळाली तर श्वास बंद, तिकडे पळाली तर श्वास बंद. एकेचाळीस मिनिटं." त्यांनी चष्मा काढला. "त्या पट्टीत हवा मिळेल अशी एकच जागा होती. दोन्ही टप्पे जिथे विरळ होतात ती. बांधाचं टोक."

 ते टोक कांचनला दाखवायला नको होतं.

"ती शिकारीला आली नव्हती," डॉक्टर हळू म्हणाले. "श्वास घ्यायला आली होती. तिथे माणूस होतं. हा अहवाल मला पाठवावा लागेल."

बाहेर आरडाओरडा वाढला. फाटकाशी डोंगरवडीची दीडदोनशे माणसं जमली होती, वाघ आमच्या ताब्यात द्या म्हणत. डॉक्टर त्यांना समजवायला गेले. मादीला पिंजऱ्यात निजवलेलं, वायू बंद केलेला. कांचन खिडकीपाशी बसली, डाव्या करंगळीने कान चाचपला. ढिम्म.

दार लोटून नवनाथ आत आला. मयत बाईचा नवरा म्हणून पहारेकऱ्याने त्याला सोडला असणार. सदरा कालचाच होता, त्यावर रोहिणीचं रक्त वाळलेलं, आणि हातात ऊसतोडीचा कोयता.

"ताई, हीच का?"

"नवनाथ, तू बाहेर जा."

तो पिंजऱ्याजवळ उकिडवा बसला. "मला शेजारच्या कंपाउंडरनं सांगितलं. नळी दहा सेकंद उशिरा काढली की खलास. खरं का?"

तिने पुन्हा कान चाचपला.

"दहा सेकंद, ताई. कोयता नको, काही नको. तू फक्त थांब. कोण विचारणार तुला? नंतर जाळून टाकतील. गावाला शांती, मला शांती." त्याचा आवाज फुटला. "तिनं तुझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू करून ठेवलेत गं. तसेच डब्यात हायत."

करंगळीखाली कान हलल्यासारखा वाटला. नाही, नुसता भास होता.

"नवनाथ, तुझा खांब कितीवर होता?"

त्याने नजर पिंजऱ्याकडे वळवली.

"नऊवर होता. महेंद्राचाही नऊवर. हिला एकेचाळीस मिनिटं श्वास नव्हता. जिथे मिळाला, तिथे रोहिणी उभी होती."

"खोटं."

"कंठीत लिहिलंय."

"मग ती कंठीपण जाळ!" तो ओरडला आणि त्याने तिला लाथ घातली. बहीण कोलमडून गजांवर आदळली, ओठ फाटला. त्याच क्षणी कान फडकन हलला. तिने दोरीला हात घातला, पण नवनाथने मनगट पकडलं होतं. "दहा सेकंद," तो दात खाऊन मोजत होता, "एक... दोन... तीन..."

सातव्या आकड्याला मादीने घोट गिळला. जबडा मिटला. करकर आवाज झाला आणि नळी दातांखाली तुटली. दोरी सैल पडली. टोकाला वीतभर तुकडा होता, उरलेला आत.

छाती उचलली, खाली गेली, पुन्हा उचलली. हवेचा आवाज नाही. हिरड्या निळ्या पडू लागल्या. गुंगीचं इंजेक्शन द्यावं तर ते चढायला चार मिनिटं, आणि हिच्याकडे एकसुद्धा नव्हतं.

नवनाथची पकड आपोआप सुटली होती. जे मागितलं ते त्याच्यासमोर घडत होतं. एकच डोळा उरलेलं ते जनावर तोंड उघडून, मान ताणून हवा शोधत होतं आणि तो बघत होता. काल बांधावर पोचायला त्याला उशीर झाला होता, श्वास कोंडून जीव कसा जातो ते त्याने पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"देवा," कांचन म्हणाली आणि तिने उजवा हात खिडकीतून कोपरापर्यंत आत घातला. जिभेवरून, दातांच्या मागे, थेट कंठात. बोटांना रबर लागलं. ओलं, घसरणारं. तिने ते चिमटीत धरलं आणि जबडा मिटला.

हाड मोडल्याचा आवाज नवनाथलाही ऐकू गेला. कांचन किंचाळली, पण चिमटी सोडली नाही.

त्याने कोयता उचलला. मान गजांना टेकलेली, एका घावाचं काम. त्याने कोयता उलटा केला आणि लाकडी मूठ गजांमधून सुळ्यांच्या मागे आडवी घुसवली. लहानपणी बैलाला काढा पाजताना वडिलांनी शिकवलं होतं, जबडा पुढून उघडत नाही, कडेने उघडतो. सगळं अंग टाकून त्याने मूठ पिळली. जबडा दोन बोटं उघडला आणि कांचनचा हात बाहेर आला. हात पूर्ण नव्हता, शेवटची दोन बोटं आतच राहिली. उरलेल्या तीन बोटांत मात्र रबराचा तुकडा होता.

मादीने श्वास ओढला. फाटक्या भात्यासारखा, घर्रर्र. मग दुसरा.

दोघं भावंडं जमिनीवर बसून तो आवाज ऐकत राहिली. नवनाथने सदरा फाडून तिचा हात करकचून बांधला.

तेवढ्यात फाटक पडलं.

महेंद्र सगळ्यात पुढे होता. हातात पेट्रोलचा कॅन, मागे कोयते घेतलेले पंधरा-वीस जण. डॉक्टरांचं डोकं फुटून ते पायरीवर पडले होते, त्यांना ओलांडून ही मंडळी आत आली.

"सरक, नवनाथ," महेंद्र म्हणाला. "वाद आपल्यात आपण बघू. रोहिणीवहिनी माझ्याही घरची होती. हिला आज मी जाळतो."

"तुझा खांब कितीवर होता, महेंद्रा?"

महेंद्र थबकला. मागच्यांकडे एक नजर टाकून जवळ आला, आवाज उतरवला. "कुणी सांगितलं?"

"कंठीत आहे. माझाबी, तुझाबी. आपण दोघांनी मारलं रोहिणीला."

"मग बरंच की!" महेंद्र कुजबुजला. "जाळून टाकू. कंठीबी जळंल. कुणाला काय कळतंय? गावाला शांती, तुला शांती."

नवनाथने हेच शब्द थोड्या वेळापूर्वी आपल्या बहिणीला सांगितले होते. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय आलं, देव जाणे. बहिणीचा हात बांधून झाल्यावर त्याने उचललेला कोयता अजून उलटाच होता. तो त्याने सुलटा केला.

घाव मान आणि खांदा जुळतो तिथे बसला. महेंद्र आश्चर्य वाटल्यासारखा त्याच्याकडे बघत गुडघ्यांवर आला. रक्त भिंतीपर्यंत उडालं. मागच्यांना दिसलं ते एवढंच, की पिंजऱ्यापाशी महेंद्र पडला. कुणीतरी ओरडलं, "वाघ सुटला! वाघानं धरलं!" आणि सगळा जमाव कोयते टाकून पळाला. पळता पळता फाटकात दोघं चेंगरले.

कांचन गुडघ्यांवर सरकत गेली आणि डाव्या हाताने तिने महेंद्राची मान दाबून धरली. लहानपणी ह्याच चुलतभावाला तिने खांद्यावरून ओढ्यापार नेलं होतं. बोटांमधून रक्त येतच राहिलं. त्याने दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं नाही.

दिवेलागणीला फौजदार जगताप आल्या. कांचनच्या हाताला टाके पडले होते, डॉक्टरांना शहरातल्या दवाखान्यात हलवलं होतं. केंद्राच्या ओसरीवर डोंगरवडीची माणसं जमली होती आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: वाघाने मारलं. काहींना ते खरंच वाटत होतं. बाकीच्यांना सोयीचं.

महेंद्राचे वडील, कांचनचे थोरले चुलते अण्णा, काठी टेकत तिच्यापाशी आले. ऐंशीच्या घरातले. दुपारीच पोरगा गेला होता, पण त्यांचे डोळे कोरडे होते.

"पोरी," ते म्हणाले, "मला कळतंय काय झालं ते. मी कोयत्याचा घाव ओळखतो. पण तू वाघानं मारलं म्हण."

"अण्णा..."

"एक गेला. दुसरा तुरुंगात गेला, तर दोन्ही घरची पाच पोरं कुणी वाढवायची? मी? म्हसोबाची शपथ, माझा राग न्हाई. तो नवनाथ माझाच. वाघ काय, एक गोळी घालतील, सुटेल बिचारा."

नवनाथ ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने मान वर करून बहिणीकडे पाहिलं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि रात्री झोप येईना की असाच बघायचा. तिचं माहेर म्हणून जे काही जगात उरलं होतं ते त्या नजरेत होतं.

"अण्णा, मी वाघ म्हटलं तर उद्या काय होईल?" तिचा आवाज इतका हळू होता की ऐकायला सगळे पुढे झुकले. "म्हणतील, कंठी असून दोन माणसं मारली. खांब बारावर नेतील. आणखी उभे करतील. मग परत कुणीतरी बाई संध्याकाळी कुठेतरी जाईल, आणि तेवढीच एक जागा श्वासाची असेल."

अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बसले, आणि तेव्हा कुठे रडले.

"बाई, लिहून घ्या," कांचन फौजदारांना म्हणाली. "माझी बोटं मादीने तोडली, ती मी स्वतः तिच्या तोंडात घातली होती. रोहिणीला तिने मारलं, ते का, ते कंठीत आहे, दोन्ही गट नंबरांसकट. महेंद्राला माझ्या भावाने मारलं. मी पाहिलं."

जबाब यंत्राने टिपला. छापील कागदावर सही मात्र हातानेच लागत होती, आणि तिचा उजवा हात पट्ट्यांच्या गाठोड्यात होता. जगतापांनी शाईची डबी पुढे केली. तिने डावा अंगठा उठवला.

नवनाथ पुढे आला. शिपाई मध्ये पडू लागला, पण फौजदारांनी हाताने त्याला थांबवलं. त्याने बहिणीचा हात हातात घेतला आणि आपल्या फाटक्या सदऱ्याच्या टोकाने तिच्या अंगठ्याची शाई पुसली. नखाच्या कडेची, मग पेरावरची, सावकाश, सगळी.

"दुखतंय का गं?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने मान हलवली, तिचा हात तिच्या मांडीवर नीट ठेवला आणि आपले दोन्ही हात फौजदारांपुढे धरले.